फोटोतल्या मायक्रोस्कोपखाली स्लाइडच नव्हती!

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात तुमच्या पेपरात आतल्या पानावर एक फोटो होता, आमच्याच भागातल्या एका शाळेत नवीन मायक्रोस्कोप आले त्याच्या उद्घाटनाचा. शाळेचं नाव घेत नाही, कारण ही गोष्ट त्या एकट्या शाळेची नाहीये. फोटो छान होता, टेबलावर झेंडूच्या माळा, मायक्रोस्कोपला हळदीकुंकवाचं बोट लावलेलं, पाहुणे वाकून आयपीसमधे, म्हणजे वरच्या डोळा लावायच्या भिंगात, बघतायत आणि बाकीचे सगळे पाहुण्यांकडे बघतायत. मी चहा पिता पिता बघत होतो, काहीतरी खटकलं, चष्मा पुसला, मग नातवाला म्हटलं मोबाईलवर ई-पेपर उघड आणि जरा झूम कर रे. तर स्टेज, म्हणजे लेन्सखालचा ओटा, रिकामं. नमुना ठेवायची काचेची पट्टी, म्हणजे स्लाइडच नाही! आणि खाली फिरवून ठेवलेली लेन्स पांढऱ्या पट्टीची, म्हणजे शंभरची (शंभर पट मोठं दाखवणारी), तेल लावून वापरायची. पाहुण्यांना काय दिसलं असेल ते त्यांनाच माहीत, फार तर एक पांढरा गोल आणि स्वतःच्याच पापण्या.

हसू आलं खरं, पण नंतर दिवसभर डोक्यातून जाईना म्हणून हे पत्र. मी तालुक्याच्या गावातल्या एका कॉलेजात ३१ वर्षं बायॉलॉजीच्या लॅबमधे होतो, आधी अटेंडंट मग लॅब असिस्टंट. शिक्षण बारावी सायन्स, पुढे जमलं नाही. पण प्रॅक्टिकलच्या आदल्या दिवशी रंग करून ठेवणं, कांदे भिजवणं, तळ्याचं पाणी आणून ठेवणं, परीक्षेला पंचवीस मायक्रोस्कोप फोकस करून मांडणं हे सगळं माझ्या हातून गेलंय, त्यामुळे थोडं बोलायचा हक्क आहे असं समजतो. चुकीचं वाटलं तर कात्री लावा, मला राग नाही.

लोकांना वाटतं मायक्रोस्कोप म्हणजे टीव्हीसारखा प्रकार आहे, आणला, पिन खोचली की दिसायला लागलं. तसं नसतं हो. शाळेत असतो तो कंपाउंड मायक्रोस्कोप, त्यात उजेड खालून येतो, वस्तूतून आरपार जातो आणि मग लेन्समधे शिरतो. म्हणजे वस्तू इतकी पातळ पाहिजे की उजेड पलीकडे निघाला पाहिजे, शक्यतो एकाच पेशीचा थर. त्यात परत पेशी म्हणजे बराचसा पाण्याचाच कारभार, पाण्यात ठेवलेलं पाणी काय डोंबल दिसणार, म्हणून रंग द्यायचा. तेव्हा काय दिसणार आणि किती दिसणार हे डोळा लावायच्या आधीच टेबलावर ठरून गेलेलं असतं, ब्लेडने, सुईने, रंगाच्या थेंबाने. आणि आपण सगळा पैसा, सगळं कौतुक, सगळा फोटो यंत्राचा करतो.

कांद्याचंच घ्या. आठवी-नववीपासून बारावीपर्यंत प्रत्येकाने कांद्याची पापुद्र्याची स्लाइड केलेली असते, निदान जर्नलमधे, म्हणजे प्रॅक्टिकलच्या वहीत, तरी केलेली असते. मुलं काय करतात, बाहेरची वाळकी लाल सालच घेतात. ती नाही घ्यायची. कांदा उभा चिरायचा, आतली रसरशीत पाकळी घ्यायची, आतल्या बाजूने म्हणजे खोलगट बाजूने, ती मधे कट्कन मोडायची पण पूर्ण तोडायची नाही, आणि मग चिमट्याने हळूच ओढलं की काचेसारखा पारदर्शक पापुद्रा निघून येतो. तो हवेत धरून कौतुक करत बसलात की गुंडाळी झालीच म्हणून समजा, लगेच वॉच ग्लासमधल्या, म्हणजे काचेच्या उथळ बशीतल्या, पाण्यात सोडायचा. ब्लेडने नखाएवढा चौकोन कापायचा, जास्त नाही. ब्रशने स्लाइडवर घ्यायचा, सॅफ्रनिन या लाल रंगाचा एक थेंब, मिनिटभर थांबून धुवायचं, मग ग्लिसरीनचा थेंब. माझी बोटं वर्षानुवर्षं सॅफ्रनिनने लाल असायची, जूनमधे सासरच्या लग्नाला गेलो की लोक विचारायचे काय हो पुडी सांडली का कुंकवाची.

आणि मग कव्हरस्लिप, म्हणजे वरून झाकायची पातळ काच. इथे शंभरातली नव्वद पोरं गंडतात. सरळ वरून ठप्पकन टाकतात आणि खाली हवा अडकते. कव्हरस्लिपची एक कड आधी थेंबाला टेकवायची, दुसरी कड सुईवर तोलून धरायची आणि सुई हळूहळू खाली घेत जायची, म्हणजे द्रव पुढे सरकत जातो आणि हवेला बाहेर काढतो. जास्तीचं ग्लिसरीन ब्लॉटिंग पेपरने टिपून घ्यायचं, नाहीतर ते लेन्सला लागतं आणि मग पुढच्या बॅचला सगळंच धुक्यात. एवढं ऐकूनही बुडबुडे येतातच. बुडबुडा कसा दिसतो माहितीये का, एकदम कंपासने काढल्यासारखा गोल आणि त्याला जाड काळी कड. इतका सुंदर दिसतो की दर वर्षी कोणीतरी तोच काढतो जर्नलमधे, त्याला बाण काढून सेल वॉल आणि न्यूक्लिअस अशी नावंही देतो. एका मुलीने तर रंगवलाही होता. मॅडमनी त्यावर सही केली होती, ती मॅडमची चूक नाही, साठ जर्नलं एका तासात तपासायची म्हटल्यावर दुसरं काय होणार.

खरं तर जर्नल हा वेगळा विषय आहे पण आता निघालाच आहे तर लिहितो. आमच्याकडे पोरांची आकृती प्रॅक्टिकलच्या आधीच काढून झालेली असायची, मागच्या वर्षीच्या जर्नलवरून. मग मायक्रोस्कोपमधे बघायचं कशाला? डोळा लावायचा, दिसलं सर म्हणायचं, आणि बाकावर जाऊन बसायचं. मी एकदा मुद्दाम एका मायक्रोस्कोपचा दिवाच बंद ठेवला होता. अकरा जणांनी दिसलं म्हणून सांगितलं. बारावा पोरगा म्हणाला, काका अंधार आहे. त्या पोराला मी चहा पाजला.

सेक्शन, म्हणजे पातळ काप, काढणं हे पापुद्र्याच्या पुढचं. सूर्यफुलाचं किंवा मक्याचं खोड आडवं कापून त्याचा टी.एस., म्हणजे आडवा छेद, करायचा. दाढीचं ब्लेड कागदासकट मधे वाकवून मोडायचं, अर्धं ब्लेड हातात. खोड नाजूक असेल तर बटाट्याच्या किंवा गाजराच्या तुकड्यात चीर देऊन त्यात बसवायचं. डाव्या हाताचा अंगठा आणि पहिलं बोट यात धरायचं पण अंगठा जरा खाली, नाहीतर आधी अंगठ्याचा सेक्शन निघतो. ब्लेड ओलं, वस्तू ओली, आणि करवतीसारखं पुढेमागे करायचं नाही, एकाच ओढीत तिरकं आपल्याकडे घ्यायचं. पंधरा वीस काप काढून पाण्यात सोडायचे आणि त्यातला जो जवळजवळ दिसतच नाही तो घ्यायचा. पोरांना पूर्ण गोल काप पाहिजे असतो, पूर्ण आला की जाड आला असं खुशाल समजावं. अर्ध्या चंद्रकोरीएवढा तुकडा, ज्याची एक कड विरत गेलेली आहे, त्या कडेला सगळं दिसतं, व्हॅस्क्युलर बंडल, म्हणजे पाणी आणि अन्न वाहणाऱ्या नळ्यांचे जुडगे, मोजून घ्या. हे मला एका जुन्या सरांनी शिकवलं, त्यांचा हात असा होता की ते गप्पा मारत मारत कापायचे आणि एकही काप वाया जायचा नाही.

हा हाताचा गुण काही आजकालचा नाही. हॉलंडच्या डेल्फ्ट गावात लेव्हेनहूक म्हणून एक कापडाचा व्यापारी होता, त्याचा मायक्रोस्कोप म्हणजे पितळेच्या पट्टीत बसवलेली एकच इवलीशी लेन्स, आणि नमुना टोचायला एक टाचणी. बस. त्यातून त्याने जीवजंतू पहिल्यांदा बघितले. हा माणूस लंडनच्या रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेला पत्रं लिहायचा, आणि १६७४ मधल्या एका पत्रासोबत त्याने स्वतः वस्तऱ्याने कापलेले काप पुडीत बांधून पाठवले होते, बुचाचे, एका झाडाच्या गाभ्याचे, पिसाचे, आणि गाईच्या डोळ्याच्या नसेचे वाळवलेले. ते तिथे दप्तरात तसेच पडून राहिले. १९८१ साली ब्रायन फोर्ड नावाच्या माणसाला ते सापडले, तीनशे वर्षांनी, आणि मायक्रोस्कोपखाली धरले तर अजून बघण्यासारखे! मला हे वाचलं तेव्हा अंगावर काटा आला होता. लेव्हेनहूकच्या त्या पत्राच्या थोडं आधी, १६६५ मधे, रॉबर्ट हूकने बुचाच्या कापात खोल्या खोल्या बघितल्या आणि त्याला सेल म्हटलं, ते आपण सगळे पाठ करतो, पण त्याने चाकूला वस्तऱ्यासारखी धार लावून आधी पातळ काप काढला होता हे कुणी विचारत नाही. परीक्षेत एकदा तरी विचारा की हा प्रश्न. मीही या पत्रासोबत एखादा काप पाठवला असता पण तुमच्याकडे ईमेलच चालतो.

आणि इतकं लांब तरी कशाला, आपल्याकडचं रोनाल्ड रॉसचं उदाहरण घ्या. जन्म अल्मोड्याचा, फौजेतला डॉक्टर, आणि काम सिकंदराबादला. २० ऑगस्ट १८९७ ला त्याने डासाच्या पोटात मलेरियाचा जंतू पकडला, १९०२ ला नोबेल मिळालं. त्याने स्वतः लिहून ठेवलंय की त्याच्या मायक्रोस्कोपचे स्क्रू कपाळाच्या आणि हाताच्या घामाने गंजले होते आणि उरलेला एकमेव आयपीस तडकलेला होता. ऑगस्टमधला सिकंदराबादचा उकाडा आणि पंखा ओढायला माणूस असूनही पंखा बंद, का, तर वाऱ्याने फाडून ठेवलेले डास उडून जायचे. डासाचं पोट सुईने फाडून, त्यातली जठराची पिशवी न फाटता स्लाइडवर पसरायची, हे काम करून बघा एकदा, मी बघितलंय, तीन डास वाया गेले आणि चौथ्याचं जे निघालं ते जठर होतं की पाय होता हे अजून कळलेलं नाही. गंजलेल्या यंत्राने नोबेल मिळालं कारण स्लाइड चांगली होती. आजही मलेरियाच्या तपासणीला रक्ताचा थेंब दुसऱ्या स्लाइडच्या कडेने तिरकं धरून एका दमात पुढे ढकलावा लागतो, जिभेच्या आकाराची पातळ फिल्म आली पाहिजे, शेवटाकडे पिसासारखी विरत गेलेली. ती जमली नाही तर पुढचा लाखाचा मायक्रोस्कोप काय करणार, पेशीवर पेशी चढलेली.

आता त्या मोठ्या आकड्यांबद्दल. हल्ली जाहिरातीत येतं २००० एक्स, कॅमेरा, मोबाईलला कनेक्ट. शाळा भुलतात. पण त्या फोटोचं मघाशी सांगितलं ना, नातवाने झूम केलं तोवर स्टेज दिसलं, त्याने आणखी झूम केलं तेव्हा पाहुण्यांचं नाक चौकोन चौकोन झालं. मोठं झालं पण जास्त दिसलं नाही. तेच इथे. साध्या उजेडाच्या मायक्रोस्कोपला एक हद्द आहे, एर्न्स्ट अबे नावाच्या जर्मन माणसाने १८७३ मधेच ती मांडून ठेवली, साधारण ०.२ मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जवळचे दोन ठिपके वेगळे दिसतच नाहीत, उजेडाच्या लहरीच तेवढ्या मोठ्या आहेत. तेल लावून शंभरची लेन्स आणि दहाचा आयपीस, म्हणजे १००० पट, तिथे जवळजवळ सगळा माल संपला. त्यावर वीसचा आयपीस लावून २००० म्हणायचं म्हणजे दुधात पाणी घालून दोन लिटर झालं म्हणण्यासारखं आहे. आणि ते तेल तरी का, तर लेन्स आणि काच यांच्या मधे हवा असली की उजेड वाकून निसटतो, तेल काचेसारखंच वागतं म्हणून तो सरळ आत जातो. त्या फोटोत तेलाची बाटली पण नव्हती, असो.

शाळेने घ्यायचाच असेल तर माझं मत विचाराल तर लहान वर्गांना आधी स्टिरिओ मायक्रोस्कोप द्या, ज्याला आम्ही डिसेक्टिंग म्हणतो. वीस तीस पट मोठं दाखवतो पण उजेड वरून पडतो, दोन्ही डोळ्यांनी बघता येतं, स्लाइड करायची गरज नाही. जास्वंदीचा परागकोष ठेवा, मुंगी ठेवा, मोहरीचा दाणा ठेवा, पोरं जागची हलत नाहीत. दुसरं म्हणजे फेज कॉन्ट्रास्ट, आमच्याकडे कधी आला नाही, त्यात जिवंत पेशी रंग न देता दिसतात, फ्रिट्स झेर्निकेला त्याबद्दल १९५३ ला नोबेल मिळालं. रंग द्यायचा म्हणजे बहुतेक वेळा पेशी मारायची, ते इथे टळतं, हा त्याचा मोठा फायदा. पण तिथेही थर पातळच लागतो, सुटका नाही. फ्लुओरोसन्सचा, म्हणजे चमकणारा रंग दाखवणाऱ्या मायक्रोस्कोपचा, तर टीबीच्या कामात मोठा उपयोग, थुंकीच्या स्मिअरला, म्हणजे स्लाइडवर पसरलेल्या पातळ थराला, ऑरामाइनचा रंग दिला की जंतू अंधारात पिवळे चमकतात, जुन्या झील-नील्सन पद्धतीत लाल रंग स्लाइडखाली ज्योत धरून वाफ येईपर्यंत तापवायचा, उकळू द्यायचा नाही, मग ॲसिडने धुवायचं, मग निळा रंग, आणि नंतर निदान शंभर फील्ड (फील्ड म्हणजे एका वेळी दिसतो तो गोल) डोळ्याने चाळून काढायची तेव्हा कुठे निगेटिव्ह म्हणता येतं. शंभर फील्ड म्हणजे मान मोडते. चमकणारे जंतू लवकर सापडतात. पण स्मिअर करताना पेशंटने खाकरा न देता नुसती लाळ दिली असेल तर कुठलाही दिवा लावा.

इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप, म्हणजे उजेडाऐवजी इलेक्ट्रॉनच्या झोताने बघणारा, मी एकदाच बघितलाय, एका मोठ्या संस्थेत कॉलेजची ट्रिप गेली होती तेव्हा. पोरं त्या यंत्रापाशी सेल्फी काढत होती आणि मी शेजारच्या खोलीत घुसलो, जिथे नमुने तयार होतात. तिथल्या ताईंनी काचेची जाड पट्टी खाच मारून तोडली आणि तुटलेल्या काचेची ती ताजी कड हीच सुरी! त्याने म्हणे केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाएवढे काप निघतात, साठ सत्तर नॅनोमीटरचे (नॅनोमीटर म्हणजे मायक्रॉनचा हजारावा भाग). काप सुरीला लावलेल्या इवल्याशा पाण्याच्या हौदात तरंगतात आणि त्यांची जाडी रंगावरून ओळखायची, चंदेरी दिसला तर बरोबर, सोनेरी दिसला तर जरा जाड, जांभळा म्हणजे टाकून द्या. रंग दिलेला नाही बरं का, पाण्यावर तेलाचा तवंग कसा रंगीत दिसतो, तसं ते. मग ते तीन मिलिमीटरच्या तांब्याच्या जाळीवर उचलायचे. ताई म्हणाल्या यंत्रावर बसायला तासभर, इथे आठवडा. मी म्हटलं ताई, आमच्याकडेही हेच आहे, फक्त आमच्याकडे बटाटा आहे.

कोविडच्या वेळी, मार्च २०२० मधे, पुण्याच्या एनआयव्हीने, म्हणजे विषाणूंवर काम करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेने, भारतातल्या पहिल्या पेशंटच्या घशातल्या नमुन्यातून विषाणूचा फोटो छापला होता, तुमच्याही पेपरात आला असेल. तो कण ७५ नॅनोमीटरचा, म्हणजे साध्या मायक्रोस्कोपच्या हद्दीच्या निम्म्याहूनही बारीक. तिथे रंग विषाणूला देतच नाहीत, त्याच्या भोवतीच्या जागेला देतात, म्हणजे आपण अंगण गेरूने सारवतो आणि मधली रांगोळी पांढरी उठून दिसते तसं. आणि ते रंगीत काटेरी चेंडू टीव्हीवर दाखवायचे ते सगळे नंतर कॉम्प्युटरवर रंगवलेले असतात, इलेक्ट्रॉनला कसला आलाय रंग, मूळ फोटो करडाच.

तुमचे सगळे वाचक काही बायॉलॉजीवाले नाहीत, तर त्यांच्या कामाचं एक सांगतो. घरात कुणाची बायॉप्सी झाली की चार पाच दिवस जीव टांगणीला लागतो आणि लोक लॅबवाल्यांवर चिडतात. आमच्या शेजारच्या काकूंचं झालं तेव्हा त्यांचा मुलगा मला म्हणाला, काका एवढं मोठं मशीन आहे म्हणतात मग रिपोर्ट लगेच का देत नाहीत. त्याला म्हटलं बाबा बघायला दहा मिनिटं लागतात, बाकी सगळी तयारी आहे. तुकडा आधी फॉर्मालिनमधे मुरवतात, बऱ्याचदा रात्रभर, म्हणजे तो सडत नाही आणि आहे तसा थांबतो. मग त्यातलं पाणी काढायचं, पण एकदम काढलं तर आक्रसतो, म्हणून चढत्या ताकदीच्या अल्कोहोलमधून एक एक पायरी. मग झायलीन नावाचं द्रावण, मग साठ डिग्रीच्या आसपास वितळलेलं मेण, ते आत आत शिरलं पाहिजे. मग मेणाचा ठोकळा, तो मायक्रोटोमवर, म्हणजे काप काढायच्या यंत्रावर, लावून चार पाच मायक्रॉनचे काप, ते एकाला एक चिकटून रिबीन निघते, बघायला फार सुंदर असते ती. रिबीन कोमट पाण्यावर सोडायची म्हणजे सुरकुत्या जातात, स्लाइडवर उचलायची, मेण घालवायचं, आणि मग जांभळा आणि गुलाबी असे दोन रंग. यातली एक पायरी घाईत केली तर डॉक्टरांना कापात भेगा दिसतात आणि परत पहिल्यापासून. ऑपरेशन चालू असतानाच घाईने हवा असेल तर गोठवून कापतात, वीसेक मिनिटांत सांगतात, पण तो काप इतका सुबक येत नाही. आणि एक, तुकडा घेऊन लॅबला जायचं काम घरच्यांवर आलं तर बाटलीत फॉर्मालिनच आहे ना आणि भरपूर आहे ना, तुकड्याच्या दहापट तरी, हे विचारून घ्या. साध्या पाण्यात किंवा सलाईनमधे टाकून दुसऱ्या दिवशी नेलेले तुकडे लोकांनी आणलेले आहेत, मग मायक्रोस्कोप जर्मन असो की जपानी.

माझ्या हातून काही झालंच नाही असं नाही. नोकरीच्या पहिल्याच वर्षी, परीक्षेच्या दिवशी, एक्स्टर्नल सर, म्हणजे बाहेरून आलेले परीक्षक, समोर बसलेले, मी घाईत चाळीसची लेन्स लावून मोठ्या स्क्रूने खाली घेत गेलो आयपीसमधे बघत बघत. कर्र असा आवाज आला. वर्षानुवर्षं जपलेली परमनंट स्लाइड तडकली आणि लेन्सलाही ओरखडा. आधी बाजूने बघून लेन्स खाली आणायची आणि मग आयपीसमधे बघत वर वर न्यायची, हे मला त्या दिवसापासून कुणी सांगावं लागलं नाही. एक्स्टर्नल सर काही बोलले नाहीत, फक्त माझ्याकडून एक पेढा जास्त घेतला.

फुटण्याच्या भीतीने मात्र कुलूप लावू नका. एका शाळेत, ही दुसरी, मी ओळखीने दुरुस्तीला गेलो होतो. सहा मायक्रोस्कोप, कपाटात, किल्ली मोठ्या सरांच्या खिशात, मुलं फोडतील म्हणून. तीन पावसाळे. उघडलं तर प्रत्येक लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी पसरलेली. एकाही मुलाने हात लावला नव्हता, बुरशीने सहाच्या सहा खाल्ले. आमच्या लॅबमधे पावसाळाभर कपाटात एक बल्ब जळत असायचा आणि सिलिका जेलच्या पुड्या, निळ्याच्या गुलाबी झाल्या की तव्यावर भाजून परत निळ्या करायच्या. वापरात असलेलं यंत्र तसंही टिकतं. फक्त लेन्स शर्टाच्या टोकाने पुसू नका, ओढणीने तर नकोच, आणि तेल लावलं असेल तर काम झाल्या झाल्या लेन्स पेपरने टिपा.

आता मागणी काय माझी. नवीन यंत्रं आली, चांगलं झालं, माझा विरोध नाही. पण त्याच बजेटमधे स्लाइडचे डबे, कव्हरस्लिप, ब्लेड, चांगले चिमटे, सॅफ्रनिन, मिथिलीन ब्लू, ग्लिसरीन याला पैसे ठेवलेत का? हे सगळं संपणारं सामान आहे, दर वर्षी लागतं, आणि उद्घाटन त्याचं होत नाही. तासिका किती? पस्तीस मिनिटांत साठ पोरांची पापुद्र्याची स्लाइड होत नाही, जोड तास द्या. आणि माणूस? मी निवृत्त झाल्यावर माझ्या जागेवर कुणी आलंच नाही, शिपाईमामांकडे किल्ली आहे. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाचे मनू प्रकाश, मूळचे मेरठचे, त्यांनी कागदाचा घडीचा फोल्डस्कोप काढला, १४० पट दाखवतो, खिशात मावतो. आमच्या एका विद्यार्थिनीने तो आणला होता आणि त्यात र्‍हिओच्या पानाची, म्हणजे ते खालून जांभळं पान असतं बागेत, त्याची साल लावून पर्णरंध्रं दाखवली, मग मिठाचं पाणी सोडलं तर पेशीतला जांभळा रंग आक्रसून मधे गोळा झाला, आम्ही सगळे रांग लावून बघत होतो. कागदातून. कारण पोरीने साल नीट काढली होती.

त्या फोटोतल्या शाळेला माझा निरोप द्या, तुमच्याकडे त्यांचा नंबर असेलच. मी यायला तयार आहे, मानधन नको, एसटीला अर्धं तिकीट आहे मला. फक्त सोमवारी चार पाच कांदे, जुनी मुळं खरवडून, पाण्याने भरलेल्या ग्लासांच्या तोंडावर बसवून ठेवा, बूड पाण्याला टेकलं पाहिजे, बुडायला नको. पाणी रोज बदला. शुक्रवारी सकाळी नऊच्या सुमाराला नवीन मुळांची टोकं कापून एक भाग ॲसिटिक ॲसिड आणि तीन भाग अल्कोहोल यात टाकून ठेवा, टोकं सेंटीमीटरभर पुरेत. ब्लेड मी आणतो. शनिवारी सकाळच्या शाळेला येतो, मुळाचं टोक ॲसिटोकार्मिन या लाल रंगात गरम करून, कव्हरस्लिपखाली ठेवून, पेन्सिलीच्या मागच्या टोकाने हळूच ठोकायचं असतं, ते पोरांनी स्वतः करायचं. पेशी दुभंगताना तिच्यातले क्रोमोसोम, म्हणजे गुणसूत्रं, दोन टोकांना ओढले जाताना दिसले तर फोटोग्राफरला बोलवा.

आपला नम्र,
एक निवृत्त लॅब असिस्टंट
(कृपया नाव छापू नये, आमच्या जुन्या मॅडम तुमचा पेपर वाचतात)